तिसरं पान, चौदा पॉइंट

निकालासोबत मापंही आली आहेत क्रोस्नोच्या कोर्टातून:
तिसरं पान, वरचा अर्धा भाग,
अक्षर चौदा पॉइंटांहून लहान नको,
भोवती काळी चौकट, शेजारी जाहिरात नको.
सानोकच्या या साप्ताहिकात सव्वीस वर्षं मी पानं लावते.
पश्चात्ताप किती सेंटिमीटरचा असावा
हे कुणी दुसऱ्याने ठरवून दिलेलं बरं.

‘मी, हिएरोनिम पात्सुवा, कबूल करतो
की द्रोज्दांच्या राईच्या पावात लाकडाचा भुसा असतो
हे माझं विधान खोटं होतं.’

गंमत अशी, की विधान मागे घ्यायचं
तर आधी ते पुन्हा पुढे आणावं लागतं.
चर्चच्या ओसरीत त्याने वाटलेली पत्रकं फार तर साठ.
आमचा अंक निघतो चार हजार.
सान नदीपलीकडच्या ज्या म्हातारीला भुसा ठाऊकच नव्हता
ती शुक्रवारी चष्मा लावून वाचेल,
आणि पाव कापताना तिची सुरी
जराशी थांबेल.

वालेंती द्रोज्दाच्या पावावर
बोटभर कागद चिकटवलेला असे,
पावाबरोबरच भाजून निघालेला, नाव निळ्या शाईत.
लहानपणी आम्ही तो नखाने खरवडायचो,
नाही निघाला तर तसाच खायचो.
म्हणजे या माणसाचं नाव
निम्म्या गावाच्या पोटात जाऊन आलंय.
पत्रकांनंतर दुकानदार म्हणू लागले,
पाव द्या, कागद नको.
त्याने कागदाशिवाय एकही पाव दिला नाही.
दोन भट्ट्यांची एक झाली.

नाव एकदाच ठेवतात,
बाप्तिस्म्याला, पाणी शिंपडून.
मग लोक जन्मभर ठेवत राहतात,
कोरड्या तोंडाने.

तेविसावं कलम मी वाचलंय,
संपादकांच्या टेबलावर उघडं पडलेलं, उलट्या बाजूने:
आरोग्य, स्वातंत्र्य, अब्रू, आडनाव, चेहरा,
पत्रांतलं गुपित, घराचा उंबरठा.
यादीत झोप नाही.
पण सुरुवातीला ‘विशेषतः’ असा शब्द आहे,
म्हणजे दार लोटलेलं, कडी घातलेली नाही.
वालेंतीची दोन वर्षांची झोप
मी त्या फटीतून आत सरकवली.

मार्चमध्ये, तिसऱ्या तारखेच्या आदल्या मंगळवारी, तो गेला.
वादी दोन होते: माणूस आणि कंपनी.
भट्टी वारसाला जाते, कर्ज जातं,
पिठाची चाळणसुद्धा जाते.
अब्रू जात नाही. ती ज्याची त्याच्याबरोबर पुरतात.
कोर्टाने त्याचं नाव काढलं, तेवढा दावा मिटवला.
कंपनी उरली.
तिला छाती नाही, रात्री दोनला उठणारे गुडघे नाहीत,
पण कायद्याच्या लेखी चांगलं नाव आहे,
आणि ती मार्चमध्ये मेली नव्हती.

तर माफी आहे
‘वालेंती द्रोज्दा आणि मुलगी’ या मर्यादित कंपनीची.
पुढच्या दाराने बाहेर काढलेला म्हातारा
मागच्या दाराने, पीठ झटकत,
चौदा पॉइंटात परत आलाय.

मुलगी ओतिलिया प्रूफ बघायला आली.
भुवईला पीठ. ओळी बोटाने मोजल्या.
म्हणाली, बाबांना ही अक्षरं किरकोळ वाटली असती.
मी सोळा केली. कोर्टाने लहान नको म्हटलंय,
मोठी नको असं कुठे म्हटलंय?

चौकट मात्र नवी आखली नाही.
मार्चमधली त्याच्या निधनाची फाइल उघडली,
आतला मजकूर पुसला.
रेघेची जाडी तीच.

दुपारी पात्सुवा पैसे भरायला आला.
नोटा थुंकी लावून मोजल्या, एकदाही मान वर केली नाही.
पावती मागितली,
आणि खिडकीपाशी उजेडात नेऊन
तिच्यावर स्वतःचं आडनाव
बरोबर लिहिलंय ना, ते
दोनदा तपासलं.